झाकलेले व्यसन आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)
सहायक शिक्षक, बी. ए., बी. एड., कोंढा (ता. पवनी, जि. भंडारा)





आजच्या या मेळाव्यात मी शिक्षणाबद्दल चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या कार्यकारिणीची अपेक्षा होती. मी विषय बदलून मागितला आणि ती परवानगी मला उदार मनाने मिळाली, याबद्दल मी प्रथम आभार मानतो. विषय व्यसनाचा आहे. वरवर पाहता तो शाळेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी भांडण होते, त्याचा गृहपाठ होत नाही. ज्याच्या खिशात पुडी आहे, त्याचे लक्ष फळ्याकडे नसते. म्हणून हा विषय शाळेचाच आहे, असे मी मानतो.

या विषयावर आपल्या समाजात बोलू लागले की एक उत्तर हमखास ऐकू येते. "गुरुजी, आपल्यात दारू हरामच आहे. हा प्रश्न दुसऱ्यांचा. आपल्या घरात तो नाही." या उत्तराचा पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाबद्दल मला आज बोलावयाचे आहे. मनाई असणे ही एक गोष्ट आणि घरात व्यसन नसणे ही दुसरी गोष्ट. मनाईचा आधार मोठा असतो, हे मी नाकारीत नाही. पण मनाई आहे म्हणून घरात कोणी पाहतच नसेल, आणि दिसले तरी लाजेपोटी कोणी बोलतच नसेल, तर तीच मनाई व्यसनाला लपावयास जागा देते. झाकलेला आजार बरा होत नाही, तो वाढतो. एवढेच मला सांगावयाचे आहे. बाकीचे सारे त्याचा खुलासा आहे.

खम्र म्हणजे काय?

अरबी भाषेत दारूला 'खम्र' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. जे अक्कल झाकून टाकते ते खम्र, असे जाणकार सांगत आले आहेत. हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे बाटलीत काय आहे आणि पुडीत काय आहे, हा वाद उरत नाही. गोळी असो, गांजा असो की खोकल्याच्या औषधाची बाटली असो, अक्कल झाकली गेली की विषय एकच.

दुसरी एक गोष्ट आपण मदरशात शिकतो आणि विसरतो. दारूची मनाई एका रात्रीत आलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने आली. आधी दारूत फायद्यापेक्षा नुकसान मोठे आहे याची जाणीव दिली गेली. मग नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाऊ नये अशी ताकीद आली. आणि शेवटी संपूर्ण बंदी आली. जडलेली सवय सुटावयास वेळ लागतो आणि सोबत लागते, हे त्या क्रमातून समजते. आपण मात्र आपल्या घरातल्या व्यसनी माणसाला एकतर लपवितो, नाहीतर हाकलून देतो. मधला रस्ता आपल्याला दिसत नाही.

खर्रा : आपल्या घराचा उघडा दरवाजा

दारूपूर्वी मी खर्ऱ्याबद्दल बोलतो, कारण आपल्या विदर्भात नशेची पहिली पायरी हीच आहे. खर्रा काय हे या सभागृहात कोणाला सांगावे लागत नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेऊन घोटला की झाला खर्रा. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक पानठेल्यावर हा उद्योग सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. पाहुणा आला की पाण्याच्या पेल्यापाठोपाठ पुडी पुढे होते. नको म्हणणारा माणूस तुसडा ठरतो.

तंबाखू ही आपल्या देशाची वस्तू नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती इकडे आली. अकबर बादशहाच्या दरबारात ती प्रथम पोहोचली ती आपल्या दख्खनमधूनच. असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापूरहून नेली. पुढे जहांगीर बादशहाने १६१७ साली तंबाखू ओढण्याविरुद्ध हुकूम काढला. तो हुकूम कागदावर राहिला आणि तंबाखू घराघरात शिरली. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुसंख्य ओढणारे नसून खाणारे होते. धूर दिसतो, वास येतो, म्हणून बिडी पकडली जाते. खर्रा गालात असतो आणि मुलगा वर्गात बसलेला असतो.

पुष्कळांची समजूत अशी की वाईट ती तंबाखू. नुसती सुपारी निरुपद्रवी. हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच, तंबाखू नसली तरीही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले आहे. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू ताठर होते. आधी तिखट सोसत नाही. मग गाल आतून पांढरट पडतो, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. दातांचे डॉक्टर या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. एकदा ताठर झालेली त्वचा पूर्ववत करणारे औषध नाही. वेळेत खर्रा सोडला तर रोग तेथेच थांबण्याची शक्यता असते. चालू ठेवला तर काहींच्या बाबतीत त्याच जागी पुढे कर्करोग होतो.

एका माऊलीने मला शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगितले, "गुरुजी, पोट्टा आजकाल तिखट खात नाही. साधं वरण बी तोंडाले लागते म्हणते." त्या बाईंना वाटले पोटात उष्णता आहे. मी त्या मुलाला जवळ बोलाविले आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगितले. दोनच गेली. मुलगा दहावीत होता. आज घरी गेल्यावर प्रत्येक पालकाने ही साधी परीक्षा आपल्या मुलावर करून पाहावी. आपलीच तीन बोटे, एकावर एक उभी, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधून गेली पाहिजेत. जात नसतील तर मारझोड न करता दातांच्या डॉक्टरांकडे जावे.

आता हिशेब पाहा. वीस रुपयांची एक पुडी धरली आणि दिवसाच्या दोन धरल्या तर चाळीस रुपये होतात. वर्षाचे झाले चौदा हजार सहाशे. घरात बाप आणि थोरला मुलगा असे दोघे खाणारे असतील तर एकोणतीस हजार दोनशे. शाळेची फी भरावयास मुदत मागणारा पालक पानठेल्यावर मुदत मागत नाही, कारण तेथे पैसे रोज थोडे थोडे जातात आणि थोडे गेलेले दिसत नाहीत.

आणि ही पुडी आणावयास जाते कोण? वर्गात मी एकदा सहज विचारले की घरच्या मोठ्यांसाठी खर्रा आणावयास कोण कोण जाते. लाजत लाजत हात वर झाले. त्यांत आठव्या-नवव्या वर्गातली मुले होती. ज्या मुलाला आपण पुडी आणावयास पाठवितो, त्याला आपण पानठेल्याची ओळख करून देतो, भाव शिकवितो, आणि ही वस्तू मोठ्या माणसाची आहे असे मनावर ठसवितो. मोठे होण्याची घाई तर प्रत्येक मुलाला असतेच.

दारू : मोहापासून मिथेनॉलपर्यंत

आपला जिल्हा धानाचा, तलावांचा आणि मोहाच्या झाडांचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो. हे फूल गोड, पोषक. वाळवून खाल्ले जाते आणि गोंड बांधवांच्या जीवनात त्या झाडाला मानाचे स्थान आहे. तेव्हा दोष झाडाला नाही आणि ते जपणाऱ्यांनाही नाही. दोष त्या धंद्याचा आहे, जो मोह, गूळ आणि नवसागर यांची भट्टी लावून गावोगावी विष पोहोचवितो.

हातभट्टीत आणि बनावट दारूत काय असते, हे पिणाऱ्याला कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक हातावर पोट असणारे मजूर होते. त्या दारूत मिथेनॉल होते. हे कारखान्यातले रसायन शरीरात गेले की यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. त्याने प्रथम डोळ्यांची नस जाते आणि मग जीव जातो. रंग आणि चव साधारण दारूसारखीच असल्यामुळे जीभ ते ओळखू शकत नाही.

सरकारमान्य बाटली मग सुरक्षित काय? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. कर्करोगाच्या कारणांत दारूची गणना तर १९८८ पासून आहे. यकृत, रक्तदाब, रस्त्यावरील अपघात, क्षयरोगाच्या उपचारात पडणारा खंड, असा हा पसारा मोठा आहे.

आपल्या देशात हा प्रश्न केवढा आहे? केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, असे त्यात आढळले. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच अहवालातला दुसरा आकडा. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही उपचार मिळालेला होता. सदतीस माणसे उपचाराविना होती. ती सदतीस माणसे कोठे आहेत? ती घरांत आहेत. त्यांच्या बायकांनी त्यांना झाकले आहे, आयांनी झाकले आहे, आपल्यासारख्या शेजाऱ्यांनी झाकले आहे.

गोळी, बाटली आणि पूड

ज्यांना दारूचा वास लपविता येत नाही, ते वास नसलेली नशा शोधतात. ही गोष्ट आपल्या समाजाला विशेष लागू आहे. ज्या घरात दारूचा वास आला तर कल्लोळ होईल, त्या घरात गोळीचा संशय कोणाला येत नाही. मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने ओळखली जाणारी गोळी वस्तुतः अल्प्राझोलॅम नावाचे झोपेचे आणि चिंतेवरचे औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते औषध. चिठ्ठीविना मूठभर घेतले की विष. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचेही तसेच. लहान मुले तर पंक्चर जोडण्याचे सोल्युशन आणि व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगतात. वर सांगितलेल्या पाहणीत हुंगण्याच्या या नशेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघाले. इतर नशांच्या बाबतीत असे आढळत नाही.

पूड म्हणजे गर्द. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर शिरली आणि शाळा-कॉलेजातली मुले तिच्या आहारी गेली. त्या काळी डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आजारी समजून वागविले जाते. त्याच केंद्रातून बरे झालेले लोक पुढे दुसऱ्यांना सावरावयास उभे राहिले. म्हणजे माणूस परत येऊ शकतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे "एकदा लागले की संपले" असे म्हणण्याची पद्धत आहे.

अलीकडे एमडी म्हणजे मेफेड्रोन हे रसायन पुढे आले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ते शेकडो किलोंनी सापडले. हे सारे शहरात, आपण खेड्यात, असे समजू नये. आपली मुले बारावीनंतर नागपूर-पुण्याला जातातच.

कायदा काय करू शकतो?

आपल्या शेजारचे दोन जिल्हे या बाबतीत आपले गुरू आहेत. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, आंदोलन केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यांच्याबरोबर होते. १९९३ साली तेथे दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. तेथे १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ साली शासनाने ती उठविली. बंदी उठविणाऱ्यांनी चोरट्या दारूचे कारण दिले, बंदी मागणाऱ्यांनी अंमलबजावणीतील ढिलाईकडे बोट दाखविले. गडचिरोलीतही बंदी आली म्हणून काम संपले असे कोणी मानले नाही. २०१६ पासून तेथे 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावागावांत काम सुरू झाले. कायदा दार लावतो. आत कोण शिरले हे घरच्यांनाच पाहावे लागते.

तरीही जो कायदा आहे तो आपल्याला माहीत असावयास हवा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला यांच्यावर बंदी आहे आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुपारीही तीत आली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालील मुलाला ती विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण ज्या मुलाच्या हातात वीस रुपये देऊन पानठेल्यावर धाडतो, त्या मुलाला पुडी देणारा दुकानदार या कायद्यात बसतो. मग पाठविणारे आपण कोठे बसतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

भगिनींना आणखी एक सांगतो. गावातील परवानाप्राप्त दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मतदानाची तरतूद आपल्या राज्यात आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणून ती प्रसिद्ध आहे. यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बहीण त्या दिवशी घरी बसली, तिचे मत दुकानाच्याच उपयोगी पडते. अशा मतदानाची वेळ आली तर आपल्या मोहल्ल्यातील स्त्रियांनी मागे राहू नये.

लपविणे थांबवा, उपचार सुरू करा

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. घरात व्यसन दिसले की आपण काय करतो? पहिले, गप्प बसतो. मुलीच्या सोयरिकीवर परिणाम होईल अशी भीती असते. दुसरे, लग्न लावून देतो; बायको आली की सुधारेल म्हणतो. एका आजाऱ्याच्या गळ्यात परक्याची मुलगी बांधणे हा उपचार नव्हे, तो त्या मुलीवर अन्याय आहे. तिसरे, चहातून नकळत देण्याचे औषध मागवितो. भिंतीवरच्या जाहिरातींतल्या अशा पुड्यांत काय असते ते कोणी सांगत नाही. दारू नकोशी करणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते रोग्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते. नकळत दिले आणि वरून त्याने दारू प्यायली तर जीवावर बेतू शकते. चौथे, खोलीत कोंडून दारू बंद करतो.

या चौथ्या उपायाबद्दल मी हात जोडून सावध करतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात कापणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि योग्य उपचार न मिळाल्यास मृत्यूही येऊ शकतो. रमजान आला की काही लोक सारे एकदम सोडतात. त्यांचा हेतू पवित्र आहे, यात शंका नाही. पण ज्याचे शरीर दारूला सरावले आहे, त्याने रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून त्यांच्या सल्ल्याने सोडावी. यात धर्माच्या विरुद्ध काही नाही. जीव वाचविणे हेही कर्तव्यच आहे.

खर्ऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो एकदम सोडता येतो. चिडचिड होते, झोप कमी होते, तोंडाला काही तरी हवे असे वाटते. पण पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि तीन-चार आठवड्यांत ओढ पुष्कळ ओसरते. आता विचार करा. खर्रा खाणारा आपला रोजेदार बांधव सहेरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास पुडीला हात लावीत नाही. एक दिवस नव्हे, महिनाभर. "मला जमत नाही" हे त्याचे म्हणणे तो स्वतःच तीस वेळा खोटे ठरवितो. फक्त खजूर आणि नमाजनंतर जी पहिली पुडी उघडली जाते, ती उघडावयाची नाही. अर्धे काम रोजाने करून दिलेलेच असते.

मदत मागावयास लाजू नका. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही डॉक्टरांना विचारता येते. फोन करताना नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. हे क्रमांक घरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आपण काय करावे?

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आजपासून कोणत्याही मुलाला पुडी, बिडी किंवा सिगारेट आणावयास पाठवू नये. स्वतःचे सुटत नसेल तर स्वतः चालत जावे. निदान तेवढी लाज आपल्या वाट्याला यावी, मुलाच्या वाट्याला नको. दुसरी, लग्नकार्यात आणि पाहुणचारात खर्ऱ्याची पुडी पुढे करणे बंद करावे. बडीशेप आहे, खजूर आहे. तिसरी, मुलात बदल दिसला, मित्र बदलले, पैसे कमी पडू लागले, डोळे लाल दिसू लागले, तर प्रथम विचारावे आणि ऐकून घ्यावे. हात उगारला की मूल खोटे बोलावयास शिकते, आणि खोटे हेच व्यसनाचे सर्वांत मजबूत घर आहे.

मोहल्ल्यातील बुजुर्गांना आणि इमामसाहेबांना अदबीने सांगतो. जुम्याच्या बयानात या विषयाला जागा द्यावी, आणि त्यात धिक्काराबरोबर परतीची वाटही दाखवावी. ज्याने तौबा केली त्याच्याकडे लोकांनी वर्षभर संशयाने पाहिले, तर तो पुन्हा त्याच मित्रांत जाईल जेथे कोणी त्याच्याकडे संशयाने पाहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला उपदेश पुष्कळ मिळतो, म्हणून मी थोडक्यात सांगतो. माणसाच्या मेंदूची पूर्ण वाढ व्हावयास विशी उलटून पंचविशी यावी लागते. ज्या वयात तो घडतो आहे, त्याच वयात नशा त्याला लवकर पकडते. पहिली पुडी अनोळखी माणूस देत नाही. ती मित्रच देतो, आणि तीही फुकट देतो. "नाही" हा शब्द त्या वेळी जड वाटतो. त्यासाठी मोठे भाषण लागत नाही. "माझे तोंड उघडत नाही, डॉक्टरांनी नको सांगितले" असे काहीही सांगा आणि तेथून निघा. आणि तुमचा मित्र यात सापडला असेल तर त्याला झाकू नका. त्याचे नाव कोणाला कळू न देता एखाद्या शिक्षकाला सांगा. ही चुगली नव्हे. विहिरीत पडलेल्या मित्रासाठी ओरडणे याला कोणी चुगली म्हणत नाही.

संस्थेला एक सूचना करून थांबतो. दरवर्षी आपण मुलांचे वजन-उंची मोजतो, डोळे तपासतो. यंदापासून आठवीपुढील प्रत्येक मुलाच्या तोंडाची तपासणी दातांच्या डॉक्टरांकडून करवावी आणि तिचा निकाल फक्त पालकांच्या हाती द्यावा. खर्च मोठा नाही. आज ज्याच्या तोंडात दोन बोटे जातात, त्याला पुढच्या वर्षी एकच जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.

 काही शब्द कडू लागले असतील. त्यांचा राग माझ्यावर ठेवावा. मुलांशी मात्र आज रात्रीच बोलावे.